ओढेल की!

"मामा, ओढेल की! त्यात काय एवढं?"

हे "ओढेल की" मी गेल्या दोन महिन्यांत चार तोंडांतून ऐकलं. पहिलं भाच्याच्या. दुसरं त्याच्या मित्राच्या. तिसरं, ज्यानं गाडीखाली हूक वेल्डिंग करून दिला त्या मिस्त्रीच्या. आणि चौथं, ज्या शोरूममधून गाडी घेतली तिथल्या टाय लावलेल्या मुलाच्या. चौघांपैकी एकानंही पुढचा प्रश्न विचारला नाही. ओढेल, मान्य. पण थांबेल का?

आधी हकिगत सांगतो. भाच्यानं गेल्या दिवाळीत हायब्रिड एसयूव्ही घेतली. गाडी छान आहे. शरणपूर रोडच्या गर्दीत आवाज न करता सरकते, पेट्रोल कमी पिते. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. लाखो माणसं नाशिकला आणि त्र्यंबकला येणार. तेव्हा भाच्याच्या डोक्यात आलं की चहा-नाश्त्याचं एक चाकांवरचं दुकान करावं. ट्रेलर बनवून घ्यायचा, एसयूव्हीच्या मागं जोडायचा आणि जिथं गर्दी तिथं न्यायचा. सिंहस्थ संपला की भंडारदऱ्याला, पावसाळ्यात इगतपुरीला, आणि खाण्याच्या जत्रा भरतात तेव्हा खाली ठाण्या-मुंबईलाही. कल्पना वाईट नाही. नोकरीची खात्री नसलेल्या दिवसांत पोरगं स्वतःच्या हिमतीवर काही करू म्हणतंय, याचं मला कौतुकच आहे. माझं भांडण धंद्याशी नाही, त्या हुकाशी आहे.

मी काही इंजिनियर नाही. बी.ए. झालो, तेही मराठी माध्यमातून, आणि जन्मभर शाळेत शिकवलं. पण शाळेत गणिताचे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. त्यामुळे बेरीज-गुणाकाराला मी घाबरत नाही. एका रविवारी भाच्याला समोर बसवलं आणि म्हटलं, "वजन किती होणार ते लिही."

तो म्हणाला, "सहाशे किलो, फार तर."

मग लिहायला घेतलं. रिकाम्या ट्रेलरचा सांगाडा, पत्रा आणि चाकं मिळून मिस्त्रीच्याच अंदाजानं साडेचारशे. दोनशे लिटरची पाण्याची टाकी म्हणजे दोनशे किलो, पाण्याचा हिशेब तर पाचवीतलं पोरही सांगेल. गॅसचे दोन मोठे सिलिंडर, भरलेले, सत्तर. फ्रीज, शेगड्या, पातेली, स्टीलचा ओटा मिळून एकशे तीस. पीठ, तेल, बटाटे, साखर, दूध शंभर. बेरीज झाली साडेनऊशे. सहाशेचे साडेनऊशे एका पानावर झाले, आणि त्यात अजून छत्री, बाकडी आणि नोकर धरलेलेच नव्हते.

मग मी गाडीसोबत आलेलं पुस्तक मागितलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते बाहेरही निघालं नव्हतं. इंग्रजीत होतं. चष्मा लावून, डिक्शनरी घेऊन दोघांनी शोधलं. एका पानावर दोन ओळी सापडल्या. ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही, असा त्यांचा सरळ अर्थ. भाचा म्हणाला, "कंपन्या असंच लिहितात मामा, स्वतःच्या बचावासाठी."

असेल. पण जो बनवतो तो नाही म्हणतो आणि जो वेल्डिंग करतो तो हो म्हणतो, तेव्हा आपण वेल्डिंगवाल्याचं ऐकायचं, हे कुठलं शहाणपण?

माझी मुलगी अमेरिकेत असते. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी घर बदललं. त्यांच्याकडेही हायब्रिड एसयूव्हीच होती, टोयोटाची रॅव्ह-फोर. सामान न्यायला त्यांनी भाड्यानं ट्रेलर आणला. जावयांनी आधी काय केलं असेल? गाडीचं पुस्तक काढलं. त्यात आकडा होता, १,७५० पौंड. म्हणजे आपले सुमारे ७९४ किलो, ट्रेलर आणि आतलं सामान धरून. ट्रेलरचं रिकामं वजन त्याच्यावरच रंगवलेलं होतं. उरलेल्या वजनात काय बसतं याची दोघांनी यादी केली आणि लाकडी कपाट व पुस्तकांची खोकी दुसऱ्या फेरीला ठेवली. मला तेव्हा हसू आलं होतं. एवढ्याशा कपाटासाठी पुन्हा फेरी! आता हसू येत नाही.

अजून एक पाहिलं. हूक जोडल्यावर त्यांनी दोन साखळ्या लावल्या, त्याही एकमेकींवरून फुलीसारख्या. विचारलं तर म्हणाले, हूक निसटलाच तर ट्रेलरची दांडी रस्त्यावर न आपटता या साखळ्यांच्या झोळीत पडते. मग दिव्यांची वायर जोडली, मुलीला मागं उभं करून ब्रेकचा दिवा लागतो का, वळणाचा लागतो का, ते पाहिलं. सामान भरताना जड वस्तू पुढं ठेवल्या. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा, असा तिथला नियम. मागं भार जास्त झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाच हलवतो.

हे ऐकून मला माझे आजोबा आठवले. बैलगाडी भरताना ते एकच गोष्ट बघायचे, गाडी उलाळ होतेय का. मागं ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. पुढं जास्त झालं तर सगळा भार मानेवर येऊन बैल बसतो. म्हणून पोती थोडी पुढं-मागं सरकवून, जोखड हातानं उचलून बघून मगच गाडी निघायची. अमेरिकेतला दहा टक्क्यांचा नियम आजोबांना हाताच्या अंदाजानं ठाऊक होता. त्यांचा पणतू मात्र म्हणतो, ओढेल की!

आता हायब्रिडचं बघू. मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. आपल्याकडे २०२२ साली टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा आल्या, त्याच वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस आली, आणि हायब्रिड हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. या गाड्यांत पेट्रोलचं इंजिनही असतं आणि विजेची मोटरही. ब्रेक लावला किंवा उतार लागला की मोटर उलटी चालून वीज तयार करते, ती बॅटरीत साठते आणि पुढं वापरली जाते. सायकलच्या डायनॅमोसारखंच समजा. फार हुशारीची योजना आहे आणि मी तिचा चाहता आहे.

पण बॅटरी केवढी? हायरायडरच्या वर्गातल्या हायब्रिडमध्ये ती ०.७६ युनिटची असते. म्हणजे घरच्या मीटरवरचं एक युनिटसुद्धा नाही. शहरात थांबत-चालत जायला ती पुरेशी आहे, कारण काम थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा असतं.

आता कसारा घाट घ्या. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत उतार सुमारे तीनशे मीटरचा. माणसं-सामानासह गाडी सोळाशे किलो आणि मागं साडेनऊशेचा ट्रेलर, मिळून अडीच हजारांच्या वर. एवढं वजन तीनशे मीटर खाली आणायचं म्हणजे जी ऊर्जा मोकळी होते ती भरते दोन युनिटांच्या थोडी वर. सातवी-आठवीचं गणित आहे, वस्तुमान गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले उंची. त्यातली निम्मी चाकांचं घर्षण आणि वारा खातो असं धरू. तरी एक युनिट उरतं. बॅटरी पाऊण युनिटाची, आणि तीही कधी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवत नाहीत, मधलाच भाग वापरतात. म्हणजे अर्ध्या घाटात बॅटरी म्हणणार, बास, माझं पोट भरलं.

मग? मग इंजिन नुसतं फिरवून काही ऊर्जा खर्च होते, आणि उरलेला सगळा भार त्या नेहमीच्या ब्रेकवर. ते ब्रेक बनवलेत एका गाडीसाठी. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, मिस्त्री म्हणाला, "एवढ्याला कशाला लागतात?" युरोपात साडेसातशे किलोंच्या वर ट्रेलर गेला की त्याला स्वतःचा ब्रेक हवाच. आमचा साडेनऊशेचा. घाटात ब्रेक तापले की पावलाखालचं पेडल मऊ होत जातं, आणि मागून एक टन माणसाला सांगत असतं, चल, चल.

चढावरही तेच, उलट्या बाजूनं. जाहिरातीतला ताकदीचा आकडा इंजिन आणि मोटर दोघांचा मिळून असतो. या गाड्यांत दोघांचे मिळून सुमारे ११५ अश्वशक्ती, इंजिन एकट्याचे सुमारे ९२. लांब चढावर छोटी बॅटरी खाली आली की मोटरची मदत आटते. जोडीतला एक बैल दमून बसल्यावर गाडी कशी ओढायची, ते आजोबांना विचारावं लागेल.

याच घाटात रेल्वे काय करते बघा. हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ ३७ ला १. तेव्हापासून आजवर रेल्वेनं त्या चढाला कधी "चढेल की" म्हटलं नाही. कसाऱ्याला गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात, ती ढकलत इगतपुरीला नेतात. उतरताना गाडी निसटलीच तर तिला वळवून चढावर चढवायला वेगळे रूळ टाकून ठेवलेत. आणि आजची विजेची इंजिनंही उतरताना वीज तयार करतात, पण ती वरच्या तारेत परत जाते, चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येते. भाच्याच्या गाडीच्या डोक्यावर तार नाही. तिच्याकडे पाऊण युनिटाचा एक डबा आहे.

कुणी म्हणेल, मास्तर हायब्रिडच्या मागं लागलेत. अजिबात नाही. अमेरिकेत टोयोटाचीच टुंड्रा नावाची हायब्रिड पाच टनांहून अधिक ओढते. कारण ती त्यासाठीच बांधली आहे. तिची चौकट, ब्रेक, थंड करण्याची व्यवस्था सगळं त्या हिशेबानं. युरोपात एकाच रॅव्ह-फोर हायब्रिडला दोन आकडे होते. पुढच्या दोन चाकांनी चालणारीला ८०० किलो आणि चारही चाकांनी चालणारीला १,६५० किलो. नाव तेच, दिसायला तीच, आणि आकडा दुप्पट. म्हणजे गाडी मोठी दिसते, उंच आहे, नावात एसयूव्ही आहे, यावरून काही ठरत नाही. आकडा विचारावा लागतो. आणि आकडा नसेल तर "नाही" हेच उत्तर समजावं लागतं.

दुसरे म्हणतील, अहो, आपल्याकडे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतात, त्याचं काय? त्याचंच तर मला बोलायचंय.

ट्रॅक्टर ओढण्यासाठीच जन्माला आलाय, खालच्या गिअरमध्ये हळू चालतो, हे खरं. पण आपण ट्रॉलीचं जे करून ठेवलंय ते काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही. कांद्याच्या हंगामात लासलगाव-पिंपळगावच्या रस्त्यावर रात्री जाऊन बघा. उसाच्या हंगामात कुठल्याही कारखान्याच्या वाटेवर बघा. ट्रॉलीला मागं दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, बहुतेकींना स्वतःचा ब्रेक नाही, नंबर रंगवलेला असेल तर नशीब. माझा एक विद्यार्थी अशाच एका उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकलसह रात्री आदळला. चौतीस वर्षांचा होता. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा, अक्षर मोत्यासारखं. ट्रॉलीवाला वाईट माणूस नव्हता. टायर फुटला म्हणून बाजूला उभी केली होती. दिवा नव्हता एवढंच. त्याच्या बापाच्या शेजारी मी ओट्यावर बसलो होतो, आणि कुणीतरी म्हणालं, "नशीब, दुसरं काय!" मी तेव्हा गप्प बसलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. नशीब कसलं? पन्नास रुपयांचा रिफ्लेक्टर पुसलेला असता तर तो पोरगा आज असता.

म्हणून "ट्रॅक्टर ओढतो ना" हे मला उत्तर वाटत नाही. एक चूक सगळ्यांच्या सवयीची झाली म्हणून तिचा दाखला देऊन दुसरी करायची?

कायदा नाही असंही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्या आहे. तो स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी लागते. त्याच कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मंजूर वजनापेक्षा जास्त ओझं लादलं तर वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. पुस्तकात सगळं आहे. पण मिस्त्रीच्या शेडमध्ये वेल्डिंगची ठिणगी उडते तेव्हा हे पुस्तक कुठं असतं?

आणि म्हणून माझा राग एकट्या भाच्यावर नाही. गाडी विकणारे मायलेजचा आकडा दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत सांगतात. छतावरची काच किती मोठी, पडदा किती इंचांचा, सगळं तोंडपाठ. पण ही गाडी मागं किती ओढू शकते, की ओढूच नये, हे जाहिरातीत नाही, शोरूमच्या भिंतीवर नाही, आणि पुस्तकात असलं तर इंग्रजीत, शेवटाकडे, बारीक टायपात. नाशिकमध्ये गाडी विकता, नाशिककराकडून मराठीत पैसे मागता, तर ही दोन ओळींची सूचना मराठीत द्यायला काय हरकत आहे?

शासनानंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाडीला जोडून न्यायच्या ट्रेलरसारख्या प्रकारांचाही विचार आहे. चांगली गोष्ट आहे. पण मागची गाडी कशी असावी हे ठरवताना पुढची कशी असावी हेही लोकांना तितक्याच ठळकपणे सांगा. शाळेत आम्ही सहल काढायचो तेव्हा मुख्याध्यापक पहिला प्रश्न विचारायचे, "परत कसे येणार?" जाण्याचा उत्साह सगळ्यांनाच असतो.

भाच्याशी माझं बोलणं झालं. जोरात झालं. "मामा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता," असं तो म्हणाला. मी म्हटलं, "खोट काढण्याचाच पगार घेतला मी छत्तीस वर्षं." बहीण मधे पडली. शेवटी मी त्याच्यासमोर दोन रस्ते ठेवले. एक, दुकान ट्रेलरवर न करता माल वाहायच्या छोट्या टेंपोवरच बांधून घे. ओझ्यासाठी बनवलेली गाडी, तिचे ब्रेक तिच्यासाठीच. नोंदणी रीतसर कर. दोन, ट्रेलरच हवा असेल तर ज्या गाडीच्या पुस्तकात ओढण्याचा आकडा छापलेला आहे अशी गाडी भाड्यानं घे, ट्रेलरला ब्रेक, दिवे आणि साखळ्या बसव, त्याचा नंबर आणि विमा काढ. खर्च वाढेल हे खरं. पण सिंहस्थात माणसं पुण्य मिळवायला येतात, आपल्या मागं सुटलेल्या ट्रेलरखाली यायला नाही.

तो काहीच बोलला नाही. मोबाइलवर आकडेमोड करत बसला. टेंपोच्या किमती बघत होता असं बहीण नंतर म्हणाली.

हूक मात्र अजून गाडीखाली आहे. काळा रंग देऊन चकचकीत केलेला. परवा भाचा मला दवाखान्यात न्यायला आला तेव्हा वाकून पाहिला. त्यालाही कळलं मी काय पाहतोय ते. म्हणाला, "काढतो मामा, पुढच्या रविवारी."

रविवार येईल तेव्हा बघू. मी मिस्त्रीच्या शेडपर्यंत त्याच्याबरोबर जाणार आहे.